माप जुन्या दाराचं नव्हे

बीड जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत फडताळ हे सामान नसतं, ते भिंतीचाच भाग असतं. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत उभी करतानाच तिच्यात खण सोडलेला असतो, खणाला लाकडी चौकट, आत दोन-तीन फळ्या आणि तोंडाला दोन कवाडं. डाळींचे डबे, दागिन्यांची पेटी, पोथ्या, औषधाच्या बाटल्या, सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्यातच राहिलेलं. अशा फडताळाचं आधी काही जातं तर ते कवाड. उन्हाळ्यात ते आकसतं, पावसाळ्यात फुगून अडतं, बिजागरीच्या जागी चिरतं आणि शेवटी वाळवी लागून भुसभुशीत होतं. खण मात्र जात नाही, कारण खण काढायचा तर भिंत पाडावी लागेल. बाजारात तयार मिळणारं कोणतंही कपाट त्या जागी चालत नाही. मग एकच वाट उरते, मापाचं दार करून घ्यायची. अंबाजोगाई, परळी, माजलगाव, केज अशा कोणत्याही गावात हे काम करणारे मिस्त्री आहेत. काम किरकोळ समजलं जातं, आणि घरातला माणूस ‘दार बदललं’ एवढंच म्हणून ते विसरून जातो. पण या कामात धर्मचिंतनाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असं मला ठामपणे वाटतं. एखादी गोष्ट बदलूनही तीच राहते, ती कशामुळे? फडताळाबद्दल याचं जे उत्तर मिळतं तेच देवळाबद्दल, ग्रंथाबद्दल आणि आपण ज्याला परंपरा म्हणतो तिच्याबद्दलही लागू पडतं, हे मला इथे मांडायचं आहे.

आधी काम नीट पाहू. मिस्त्री जुनं कवाड उतरवून त्याचं माप घेत नाही. ते कवाड खरं राहिलेलंच नसतं. दर पावसाळ्यात अडलं म्हणून कुणीतरी कडेवर रंधा मारलेला असतो, कुणी खाली पट्टी ठोकलेली असते, लाकूड आकसून एका बाजूला ओढलेलं असतं. त्याबरहुकूम नवं दार कापलं तर त्याचे सगळे दोष नव्यात उतरतील आणि ते बसणारही नाही. म्हणून माप घ्यायचं ते खणाचं. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, उंची दोन्ही बाजूंना, आणि त्यांत जे सगळ्यांत कमी भरेल ते धरायचं. मग टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणून दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. नाही भरले, आणि जुन्या घरात ते सहसा भरत नाहीतच, तर फरक किती सुतांचा आहे ते टिपून ठेवायचं. कडेला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोकळा सोडायचा, म्हणजे श्रावणातही दार अडत नाही. ही मापं कागदावर रुंदी आधी, उंची नंतर अशी लिहून दुकानात जातात. तिथे 18 मिमी प्लायवर सनमायका दाबून, कडांना पट्टी लावून दारं तयार होतात. बसवताना दाराच्या मागच्या अंगाला 35 मिमी व्यासाचं भोक पाडून ऑटो हिंज बसवतात. चौकटीच्या आत बसणाऱ्या दाराला सोळा क्रँकचा लागतो. त्याचे स्क्रू थोडे सैल-घट्ट करून दार डावी-उजवीकडे, आत-बाहेर, वर-खाली सरकवता येतं. चौकटीची दोन-तीन सुतांची तिरपाई या स्क्रूंवर आणि कडेवर फिरणाऱ्या रंध्यावर निभावते.

आता प्रश्न असा की हे फडताळ तेच का? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न फार जुन्या काळापासून आणि फार कसून हाताळला आहे. न्याय-वैशेषिक परंपरा म्हणते की अवयवांच्या बेरजेहून वेगळा असा एक अवयवी असतो. फळ्या, चौकट आणि कवाडं ही फडताळाची कारणं, पण फडताळ म्हणजे नुसत्या फळ्या नव्हेत. इथपर्यंत सामान्य माणसाला हे पटतं. पण याच विचाराचा कडक परिणाम असा की एक जरी अवयव निघाला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा उपजतो. फाडलेलं वस्त्र हे त्यांच्या मते पहिलं वस्त्र नव्हेच. म्हणजे कवाड उतरवलं त्या क्षणी आजीचं फडताळ संपलं. बौद्ध विचारवंत दुसऱ्या टोकाने येतात. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला रथाचं उदाहरण देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, आणि ही सगळी बाजूला काढली तर रथ नावाचं काही उरतही नाही. रथ ही एक व्यवहारातली संज्ञा. ‘हे तेच’ अशी जी ओळख आपल्याला पटते, तिच्यावरही बौद्धांचं उत्तर तयार आहे. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, कापलेले केस आणि नखं पुन्हा उगवतात, तरी आपण त्यांना तीच म्हणतो. ओळख पटली म्हणून वस्तू तीच ठरत नाही. ग्रीकांकडे प्लुटार्कने थिसिअसच्या जहाजाबद्दल असंच लिहून ठेवलं आहे. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या, आणि जहाज तेच की वेगळं यावर विचारवंत दोन्हीकडून वाद घालत राहिले.

या सगळ्या वादांत एक गोष्ट गृहीत धरली जाते, आणि माझा मतभेद तिथेच आहे. वस्तूचं तेच-पण द्रव्यात शोधायचं, नाहीतर द्रव्याहून वेगळ्या एखाद्या साररूपात शोधायचं, आणि दोन्हीकडे सापडलं नाही तर ते नाहीच म्हणायचं, अशी ही चर्चा चालते. मिस्त्रीचं काम एक तिसरी जागा दाखवतं. नवं दार कशावरून ठरलं, हे पाहायला हवं. ते जुन्या दाराची नक्कल म्हणून ठरलेलं नाही, दुकानातल्या ठरीव साच्यावरूनही नाही. जे उरलं आहे त्याच्यावरून ते ठरलं आहे. खणाची रुंदी, चौकटीची तिरपाई, भिंतीचा कल या सगळ्यांनी त्या दाराला त्याचा आकार दिला. वस्तूचं सातत्य या नात्यात असतं. उरलेल्या भागाने नव्या भागाचं माप ठरवलं, नवा भाग त्या मापाला उतरला आणि आता तोही पुढच्या दुरुस्तीसाठी उरलेल्यात जमा झाला, की गोष्ट तीच राहिली. जिथे ही साखळी तुटते, तिथे गोष्ट बदलली.

याला पुरावा काय? बीड जिल्ह्यातलाच घेऊ. दसरा झाला की इथून लाखोंच्या संख्येने ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तिथे पाचट, बांबू आणि ताडपत्रीची कोपी उभारतात, हंगाम संपला की ती मोडतात. पुढच्या वर्षी त्याच फडाजवळ तेवढ्याच आकाराची, तेच बांबू लावून कोपी उभी राहिली तरी ‘ही मागच्या सालचीच कोपी’ असं कुणी म्हणत नाही. सामान बरंच तेच असतं, रूप तर हुबेहूब तेच, आणि तरीही ती नवी कोपी असते, कारण ती उभारताना जुन्या कोपीतलं काहीही उभं नव्हतं ज्यावरून माप घ्यावं. उलट गावातलं घर सहा महिने कुलूपबंद असतं. त्या काळात खराब झालेलं कवाड मजूर परत आल्यावर बदलतात, आणि घर तेच असतं याबद्दल कुणाच्याही मनात शंका नसते. इथे वापराचं सातत्यही नाही, अर्धं वर्ष तिथे कुणी चूलसुद्धा पेटवलेली नाही. म्हणजे सातत्य वस्तुमात्रात नाही, रूपात नाही, वापरातही नाही. दुसरा पुरावा कर्मकांडातला आहे. नवं घर बांधलं की वास्तुशांत करतात. जुन्या घराचं कवाड बदललं, फरशी बदलली, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांना नवी दारं लावली, तर वास्तुशांत कुणी करत नाही, आणि ती करावी असं पुरोहितही सांगत नाही. घर कुठे संपतं आणि कुठे चालू राहतं याची रेषा लोकव्यवहाराने कधीच आखून ठेवली आहे, आणि ती मी म्हणतो तिथूनच जाते.

देवळांच्या जीर्णोद्धाराकडे पाहिलं तर हेच अधिक ठळक दिसतं. परळीच्या वैजनाथाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात दुरुस्त करवून घेतलं. आज पायऱ्या चढून वर जाणारा यात्रेकरू अहिल्याबाईंचं देऊळ पाहायला जात नाही, वैजनाथाला जातो. दगड बदलले, पण देऊळ तेच राहिलं, कारण नवं बांधकाम तिथे असलेल्या ज्योतिर्लिंगाभोवती, त्याच्या जागेवरून बेतलेलं होतं. इथे कुणी म्हणेल की टिकलं ते देवत्वामुळे, मापामुळे नव्हे. शास्त्रात जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतलं चैतन्य कलशात काढून ठेवायचं आणि काम झाल्यावर परत प्रतिष्ठित करायचं, असा विधी आहेच. पुरीला नवकलेवरात, म्हणजे अलीकडे 2015 साली, जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती बदलल्या तेव्हा जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला गेला. म्हणजे एक सार आहे आणि ते इकडून तिकडे जातं, असा हा आक्षेप. श्रद्धेच्या बाजूने मी तो नाकारत नाही. पण त्याने सगळी उदाहरणं सुटत नाहीत. जपानमध्ये इसे इथलं मोठं देवस्थान दर 20 वर्षांनी पूर्ण नवं बांधतात, शेवटचं 2013 साली. लाकूड सगळं नवं असतं. पण तिथे जुनं देवालय आधी पाडत नाहीत. शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं उभं राहीपर्यंत ते उभं असतं, सुतार त्याच्याकडे बघून काम करतात, आणि नव्याचा विधी झाल्यावरच जुनं उतरवतात. शिन्तो श्रद्धेतही देवतेचं स्थलांतर आहे, मान्य. मग फक्त देवता हलवायची होती तर जुनं उभं ठेवण्याचा आणि जुन्याच पद्धतीने कुसू-खाचा बसवण्याचा एवढा आटापिटा कशासाठी? त्या समाजालाही हे ठाऊक आहे की सार पुरेसं नाही. देवालय तेच राहायचं असेल तर उभ्या असलेल्याने नव्याला माप द्यायला हवं.

ग्रंथांच्या बाबतीत याचं सगळ्यांत देखणं उदाहरण बीडच्या उत्तरेला, गोदेकाठच्या पैठणात घडलं. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढच्या तीनशे वर्षांत हाती नकला होताना तिच्यात अपपाठ शिरले, ओव्या घुसडल्या गेल्या. एकनाथांनी शके 1506, म्हणजे इ.स. 1584 मध्ये, प्रती मिळवून, ताडून पाहून तिचं शुद्धीकरण केलं आणि यापुढे कुणी स्वतःची ओवी यात घालू नये असं बजावून ठेवलं. त्यांनी काय केलं नाही हे इथे महत्त्वाचं आहे. कोणत्याही एका प्रतीची त्यांनी जशीच्या तशी नक्कल केली नाही. नक्कल करणाऱ्यांनीच तर तो घोळ घातला होता. आणि स्वतः समर्थ कवी असूनही, भागवतावर स्वतंत्र मराठी टीका लिहिलेली असूनही, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या जागी नवी गीताटीका ठेवली नाही. जे शिल्लक होतं त्याच्या आधाराने जे बिघडलं होतं ते दुरुस्त केलं. आज आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी एकनाथांच्या हातून आली आहे, आणि तरी ती ज्ञानदेवांचीच आहे.

नागसेनाला उत्तर देणं आता सोपं जातं. रथ ही केवळ संज्ञा, हे खरं असतं तर कोणतंही चाक कोणत्याही रथाला चाललं असतं. नाव बदलायला काही लागत नाही, पण पाटोद्याच्या घरातल्या फडताळाचं दार आष्टीच्या घरातल्या फडताळाला बसत नाही, तुम्ही त्याला काहीही नाव द्या. दोन सुतांनी अडणारं दार आपल्या संज्ञांना जुमानत नाही. अवयवांमधलं हे नातं जगात आहे, आपल्या बोलण्यात नव्हे. नैयायिकांबद्दल मला अधिक आदर आहे, कारण त्यांनी अवयवी खरा मानला. पण एक कवाड निघताच तो नष्ट होतो हे म्हणणं त्यांच्याच मूळ आग्रहाशी जुळत नाही. अवयवी जर अवयवांहून वेगळा आहे, तर एका अवयवाच्या जाण्याने त्याचा शेवट का व्हावा? कवाड उतरवून नव्या दाराचं माप घेतलं, त्या वेळी ते माप कुणी सांगितलं? माझं उत्तर असं की ते फडताळाने सांगितलं, म्हणजे कवाड नसतानाही फडताळ तिथे होतं.

अद्वैताचा आक्षेप जास्त खोल आहे, आणि बीड जिल्ह्यात बसून तो टाळता येत नाही, कारण मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे आणि परंपरेने शके 1110 चा मानलेला त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा मराठीतला अद्वैताचा आद्य ग्रंथ. त्या दृष्टीने कवाड, खण, भिंत ही सगळी नामरूपं. सत्य एक ब्रह्म, बाकी सगळं उपाधी. मग हे फडताळ तेच की वेगळं हा प्रश्न विचारणाराच भ्रमात आहे. यावर मी परमार्थाच्या पातळीवर वाद घालणार नाही. पण अद्वैतानेच व्यवहाराची सत्ता वेगळी मानली आहे आणि धर्म, कर्तव्य, ऋण, वारसा हे सगळं त्या व्यवहारात येतं. आजीने फडताळ नीट ठेव म्हणून सांगितलं असेल तर ते वचन व्यवहारात दिलेलं आहे आणि व्यवहारातच पाळायचं आहे. ते पाळलं गेलं की मोडलं याला निकष हवा. ‘सगळं एकच’ या वाक्यातून तो निकष मिळत नाही. जाणता वेदान्ती हे मान्य करेल. व्यवहारातल्या प्रश्नाला पारमार्थिक उत्तर देणं ही त्याच्याही दृष्टीने गल्लतच आहे.

खरी अडचण इथून पुढे आहे. चौकटच वाकडी असेल तर? उरलेल्याने माप द्यायचं, असं म्हणणारा माणूस उरलेल्याला अधिकार देतो, आणि आपल्या समाजात उरलेलं जे आहे त्यात जातीची चौकट आहे. प्रत्येक नवी पिढी त्या चौकटीच्या मापाने कापली जावी, असं माझ्या विचारातून निघत असेल तर तो विचार टाकून द्यायला हवा. इथे मिस्त्रीचा न्याय पुन्हा कामाला येतो. चौकट दोन-तीन सूत तिरकी असेल तर तो दार तिच्याशी जुळवून घेतो. चौकटीच्या लाकडात स्क्रू धरतच नसेल, बोटाने दाबलं तर भुसा पडत असेल, तर तो दार लावायला नकार देतो, चौकट काढून टाकतो आणि माप भिंतीचं घेतो. जो भाग धरून ठेवण्याचं कामच करू शकत नाही, त्याला माप देण्याचा अधिकार राहत नाही. आणि चौकटीच्या मागे नेहमी आणखी काहीतरी असतं. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केलं आणि विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य ठरवलेल्यांना खुलं झालं. विरोधकांनी त्या वेळी मूर्तीतलं तेज मंत्रांनी घागरीत काढून घेतल्याची हकिकत सांगतात. त्यांच्या मते प्रवेशाचा नियम बदलताच देऊळ बदललं होतं. वारकऱ्यांनी ते मानलं नाही, आषाढीला ते त्याच विठ्ठलाकडे गेले. साने गुरुजींनी माप घेतलं होतं ते देवळाच्या पुजारी बडव्यांच्या नियमांचं नव्हे, चोखोबांच्या आणि तुकोबांच्या भक्तीचं, जी त्या नियमांच्या मागे भिंतीसारखी उभी होती. म्हणून ते देऊळ तेच राहिलं.

याहून कठीण उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. 1935 साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि 1956 साली नागपूरला लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांचा निर्णय असा की चौकटीबरोबर भिंतही गेली आहे. त्यांच्याशी या बाबतीत सहमत व्हावं की नाही यावर आजही वाद होतो, आणि ज्यांनी ती भिंत सोसलेली नाही त्यांनी तो वाद बेताने घालावा. माझ्या मुद्द्यासाठी एक गोष्ट पुरे. त्यांनी जुन्याच घराला नवा रंग दिला आणि त्याला तेच घर म्हटलं, असं केलं नाही. दुसरं घर पाहिलं, आणि हे दुसरं घर आहे असं बावीस प्रतिज्ञा घेऊन सांगितलं. सातत्य संपलं असेल तर ते संपलं असं म्हणणं हाही प्रामाणिकपणाच आहे. जुनं पाडून नवं बांधायचं आणि वर परंपरा जपली म्हणून मिरवायचं, यात तो प्रामाणिकपणा नसतो. आजची पुष्कळशी परंपरेची मिरवणूक या दुसऱ्या प्रकारची आहे असं मला वाटतं. नक्षीदार जुन्यासारखं दिसणारं सगळं नवं, आणि त्याखाली ज्याच्यावरून माप घेतलं असं काहीच नाही.

शेवटची अडचण थिसिअसच्या जहाजाचीच, पण इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने ती आणखी ताणली आहे. काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कुणी साठवून पुन्हा जोडल्या, तर दोन जहाजांतलं खरं कोणतं? घराघरांत हे रोज घडतं. उतरवलेलं जुनं सागवानी कवाड टाकवत नाही, ते गोठ्याला लावतात किंवा भंगारवाला घेऊन जातो. कालांतराने फडताळाच्या फळ्या, चौकट, कवाडं सगळी बदलली, आणि जुनी सगळी गोठ्याकडे जमली, तर आजीचं फडताळ कुठे आहे? मी म्हणेन, भिंतीत. गोठ्यातलं कवाड गोठ्याच्या तोंडाला बसावं म्हणून पुन्हा कापलं गेलं, त्याने आता दुसऱ्या खणाचं माप स्वीकारलं. लाकूड आजीच्या काळचं आहे, आणि त्या लाकडावर कुणाची माया असेल तर ती खरी आहे, पण फडताळ ते नव्हे. आता याच विचाराची दुसरी बाजूही मान्य करावी लागते, आणि ती मला आनंदाने मान्य आहे. माळवद पाडून स्लॅबचं घर बांधताना काही घरं जुनी सागवानी चौकट जपून ठेवतात आणि ती नव्या घराला बसवतात. तेव्हा गवंडी विटांची जागा त्या चौकटीवरून सोडतो. माप उलट्या दिशेने जातं, लाकूड भिंतीला आकार देतं. सगळी भिंत नवी, छत नवं, वास्तुशांत झालेली, आणि तरी त्या एका चौकटीपुरतं जुनं घर चालू आहे. तिच्यावर उद्या नवं कवाड लावायचं झालं तर मिस्त्री टेप त्याच तीन जागी लावेल.